बाळाची छाती पुन्हा पुन्हा वाजते

वाचकांचे प्रश्न : बालआरोग्य

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर ठरलेला असतो: सर्दी झाली, छाती वाजायला लागली, वाफ दिली, बरं वाटलं, तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. पाच वर्षांखालच्या मुलांबद्दलची अशी पत्रं या अंकासाठी एकत्र केली आहेत. एक विनंती आधीच. खाली दिलेले डोस हे ज्या मुलाला डॉक्टरांनी तपासून इन्हेलर लिहून दिला आहे, त्याच्यासाठी आहेत. शेजारच्या मुलाचा पंप आपल्या मुलाला लावू नका.

माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे. झोपली की घरघर ऐकू येते, पाठीवर हात ठेवला तर थरथर लागते. एरवी ती मजेत खेळते. सासूबाई म्हणतात कफ साठलाय, एका डॉक्टरांनी बाळदमा सांगितला. खरं काय? (एक आई, भांडुप)

आपण ‘घरघर’ हा एकच शब्द चार वेगळ्या आवाजांना लावतो आणि गडबड तिथूनच सुरू होते.

पहिला आवाज नाकाचा. शेंबूड भरलेला असतो, दूध पिताना जास्त जाणवतो. दोन्ही नाकपुड्यांत सलाइनचे दोन-तीन थेंब टाकले, नाक साफ केलं की जातो. दुसरा आवाज घशातल्या आणि मोठ्या श्वासनलिकेतल्या चिकट स्रावाचा. हा खळखळ करतो, खोकला आला की बदलतो, पाठीवरच्या हाताला थरथर लागते आणि मूल मात्र आनंदात असतं. तुम्ही लिहिलेलं वर्णन या दुसऱ्या आवाजाचं वाटतं, आणि त्याला दम्याचं औषध लागत नाही. तिसरा आवाज श्वास आत घेताना येतो, घोगरा, सोबत कुत्र्याच्या भुंकण्यासारखा खोकला. ही स्वरयंत्राजवळची सूज. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

चौथा आवाज म्हणजे खरी छाती वाजणं, ज्याला डॉक्टर ‘व्हीझ’ म्हणतात. श्वास बाहेर सोडताना बारीक शिट्टी येते, श्वास सोडायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. फुप्फुसातल्या बारीक नळ्या सुजून आवळल्या की हा आवाज येतो. इन्हेलरचा उपयोग फक्त याच आवाजाला.

पुढच्या वेळी घरघर सुरू झाली की मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ घ्या. बाळाचा झबला वर करा, गळ्यापासून बेंबीपर्यंत सगळं दिसलं पाहिजे. पंखा आणि टीव्ही बंद करा. रात्री दोनचा आवाज सकाळी अकरा वाजता दवाखान्यात ऐकू येईलच असं नाही, आणि मग डॉक्टरांना तुमच्या शब्दावर अंदाज बांधावा लागतो. व्हिडिओत त्यांना आवाजही कळतो आणि बरगड्याही दिसतात.

मुलगा अडीच वर्षांचा. गेल्या जूनपासून पाच वेळा छाती वाजली. हा दमाच का? आयुष्यभर राहणार का? (एक बाबा, लालबाग)

लहान मुलांच्या श्वासनलिका मुळातच अरुंद. नळीचा व्यास निम्मा झाला की हवेला होणारा विरोध सोळापट वाढतो. त्यामुळे ज्या सर्दीने तुमचं फक्त नाक वाहतं, त्याच सर्दीने बाळाची छाती वाजते. बालवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षाला सहा ते आठ सर्द्या होणं नेहमीचंच आहे, त्यातल्या बऱ्याचशा पावसात आणि पाठोपाठच्या हिवाळ्यात.

अमेरिकेतल्या टूसॉन शहरात १९८० पासून मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला गेला. त्याचे निष्कर्ष १९९५ साली आले. तीन वर्षांच्या आत ज्यांची छाती वाजली होती, त्यांतल्या सुमारे ६० टक्के मुलांची सहाव्या वर्षापर्यंत वाजायची थांबली होती. म्हणजे बहुतेकांचं वयाबरोबर जातं. पण हे वाक्य ‘काही करू नका, मोठा झाला की जाईल’ असं वापरू नये. आज रात्री ज्या मुलाला श्वास पुरत नाही, त्याला आजच उपचार हवा.

दम्याकडे झुकणारी लक्षणं ही: आई किंवा वडिलांना दमा, मुलाच्या अंगावर खाजरं इसब, सर्दी नसतानाही धावल्यावर, हसल्यावर, रडल्यावर किंवा पहाटे खोकला आणि शिट्टी. तुमचा मुलगा दोन आजारपणांच्या मधल्या दिवसांत कसा असतो, हे डॉक्टरांना नीट सांगा. ‘गॅलरीत धावला की खोकतो’ एवढं एक वाक्य एखाद्या एक्स-रेपेक्षा जास्त कामाचं असतं. फुंकून करायची तपासणी या वयात जमत नाही, ती साधारण पाच-सहा वर्षांनंतर. २०२५ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पाचच्या आतल्या मुलातही दम्याचं निदान करता येतं: छाती पुन्हा पुन्हा वाजणं, दुसरं कारण न दिसणं आणि दम्याच्या औषधाने वेळेत उतार पडणं, या तीन गोष्टी जुळल्या तर. तेव्हा डॉक्टरांनी ‘दमा’ म्हटलं तर घाबरून डॉक्टर बदलू नका. नाव घेतल्याने आजार वाढत नाही, पण नाव टाळत राहिलं की योग्य औषध लांबतं.

स्पेसर आणला, पण मुलगी मास्क दिसताच किंचाळते. पंपाने काही फरक पडत नाही, दवाखान्यात वाफ दिली की लगेच पडतो. मग पंपाचा आग्रह कशाला? (एक आई, चेंबूर)

या प्रश्नाला जास्त जागा देतो. स्पेसर म्हणजे पंप आणि मास्क यांच्यामध्ये बसणारी प्लास्टिकची पोकळ नळी. ‘पंप लागू पडत नाही’ अशा तक्रारींत औषध बदलण्याआधी पाहायची गोष्ट एकच, ती म्हणजे औषध छातीत पोचतंय का.

आधी हिशेब पाहा. दवाखान्यातल्या वाफेच्या (नेब्युलायझरच्या) नळीत साल्ब्युटामोल, म्हणजे आवळलेल्या नळ्या सैल करणारं औषध, २.५ मिलिग्रॅम असतं. पंपाच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे कागदावर एक वाफ २५ पफएवढी. वाफेतलं बरंचसं औषध हवेत उडून जातं, म्हणून तिथे डोस एवढा मोठा ठेवावा लागतो. स्पेसरमधून नीट दिलेले पफ मध्यम त्रासात वाफेइतकेच काम करतात, हे अनेक चाचण्यांतून दिसलं आहे, शिवाय हृदयाची धडधड आणि हाताची थरथर कमी होते. आणि रात्री तीन वाजता, वीज गेलेली असताना, पंपच हाताशी असतो.

आता कृती. पंपाचं टोपण काढा, तोंडात काही अडकलं नाही ना पाहा, पाच सेकंद जोरात हलवा. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर दोन-तीन पफ हवेत उडवा. पंप स्पेसरच्या मागे बसवा. मुलीला मांडीवर घ्या, तिची पाठ तुमच्या छातीला, एक हात तिच्या दोन्ही हातांवरून. मास्कने नाक आणि तोंड दोन्ही झाकलं पाहिजे. वरची कड नाकाच्या हाडावर आणि खालची हनुवटीच्या खळग्यात. गालाशी फट राहिली तर औषध त्या फटीतून जातं, छातीत जात नाही. एकदाच दाबा. मग झडपेकडे पाहा: बाळ श्वास घेतं तशी ती पातळ चकती उघडमीट करते. अशी पाच-सहा उघडमीट मोजा, साधारण दहा सेकंद. चकती हलत नसेल तर आधी मास्क घट्ट बसला आहे का ते पाहा. मास्क काढा, अर्धा मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा आणि दुसरा पफ. दोन पफ एकदम स्पेसरमध्ये सोडले की थेंब एकमेकांना चिकटतात आणि प्रत्येक पफमधलं कमी औषध छातीत पोचतं.

रडणाऱ्या मुलाबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे की रडताना मूल खोल श्वास घेतं, म्हणून औषध जास्त जातं. उलट आहे. रडताना औषध घशावर आदळतं आणि गिळलं जातं. म्हणून मास्कची भीती आजारपण नसताना घालवायची. दोन-चार दिवस रिकामा स्पेसर खेळायला द्या. बाहुलीला लावा, आजीला लावा, मग तिला स्वतःला धरू द्या. ठरलेलं बडबडगीत म्हणा आणि गाणं संपलं की मास्क निघतो, हे तिला कळू द्या. झोपेत गुपचूप देण्याचा बेत बहुधा फसतो. मूल दचकून उठतं आणि पुढे झोपेलाही घाबरतं.

धुण्यातही चूक होते. नवा प्लास्टिकचा स्पेसर वापरण्यापूर्वी आणि नंतर दोन-चार आठवड्यांनी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून बुडवून काढा. आतून घासायचा नाही, फडक्याने पुसायचा नाही, साध्या पाण्याने खळबळायचाही नाही. उभा ठेवून निथळू द्या. पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. साबणाचा पातळ थर ते टाळतो. मास्कची कड तेवढी पाण्याने धुवा, ती गालाला लागते. पावसाळ्यात रात्री पंख्याखाली ठेवला तर सकाळपर्यंत वाळतो.

आणि पंपावर मार्करने तारीख लिहा. बहुतेक पंपांत २०० पफ असतात. रोज दोन पफ घेणाऱ्या मुलाचा पंप १०० दिवसांत संपतो, पण नंतरही दाबल्यावर फवारा येतच राहतो, कारण औषध संपलं तरी आतला वायू शिल्लक असतो. पाण्यात तरंगवून पाहणं, कानाशी हलवणं यावर विश्वास ठेवू नका. आकडा दाखवणारा पंप मिळाला तर तोच घ्या.

घरी वाफेचं मशीन असेलच तर मास्क चेहऱ्याला टेकवूनच धरा. दोन बोटं लांब धरला की औषध खोलीला मिळतं.

आमच्या वस्तीत स्पेसर विकत घेणं सगळ्यांना जमत नाही. काही पर्याय आहे का? (एक अंगणवाडी सेविका, गोवंडी)

आहे, आणि तो तपासून पाहिलेला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं की ५०० मिलिलिटरची साधी प्लास्टिकची बाटली, पंपाभोवतीची फट बंद केली तर, विकतच्या स्पेसरइतकीच चालते. फट उघडी राहिलेल्या बाटलीचा गुण कमी आला, आणि थर्माकोलचा कप सगळ्यात मागे पडला. तेव्हा फट बंद करणं हा यातला प्राण आहे.

बाटली साबणाच्या पाण्याने धुऊन, न खळबळता वाळवा. बुडाच्या मध्यभागी पंपाचं तोंड टेकवून पेनाने रेघ मारा. तार पकडीत धरून तापवा आणि रेघेच्या आतून भोक पाडा, म्हणजे पंप ढिला न बसता दाबून बसेल. हे काम गॅलरीत करा, मुलांपासून दूर. जळत्या प्लास्टिकचा धूरही छातीला वाईटच. कडेने चिकटपट्टी किंवा गोंद लावून फट बंद करा. मोठं मूल बाटलीच्या तोंडाला ओठ लावून श्वास घेतं. तीनच्या आतल्या मुलाला मास्क हवाच, तो सुटा मिळाला तर बाटलीच्या तोंडावर घट्ट बसवायचा. झडप नसल्याने मूल बाटलीतच श्वास घेतं आणि सोडतं, ते चालतं. पफ दाबल्या क्षणी श्वास सुरू हवा, एवढं पाहा. बाटलीला तडा गेला, कुबट वास आला की नवी करा.

तुमच्या बैठकीत आयांना एकदा ही बाटली हातात धरून दाखवा. नुसतं सांगितलेलं चौथ्या दिवशी विसरलं जातं.

रात्री अचानक त्रास वाढला तर घरी किती पफ द्यायचे आणि कधी निघायचं? (एक आजी, दहिसर)

ज्या नातवाचं निदान झालेलं आहे आणि घरी साल्ब्युटामोल आहे त्याच्यासाठी: स्पेसरमधून २ पफ, एकामागून एक. २० मिनिटं थांबा. त्रास राहिला तर पुन्हा २. आणखी २० मिनिटांनी शेवटचे २. पहिल्या दोन तासांत ६ पफपेक्षा जास्तीची गरज भासली, किंवा उतार पडूनही तीन-चार तासांच्या आत पुन्हा छाती भरली, तर त्याच वेळी डॉक्टर गाठा. सकाळची वाट पाहू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर पफ पुन्हा पुन्हा द्यावे लागताहेत एवढंच कारण पुरेसं.

पुढचं दिसलं तर मोजत बसायचं नाही, थेट निघायचं: बरगड्यांच्या मध्ये आणि गळ्याच्या खळग्यात कातडी आत ओढली जाते, पोट उडतं, नाकपुड्या फुलतात, दोन शब्द बोलून मूल थांबतं किंवा दूध ओढता येत नाही, ओठ निळसर किंवा राखाडी दिसतात, मूल सुस्त पडतं, हाकेला ओ देत नाही. आणि सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे दम लागलेला तसाच असताना शिट्टी थांबणं. घरच्यांना वाटतं उतार पडला. खरं तर आवाज करण्याइतकीही हवा आत-बाहेर जात नसते. अशा वेळी १०८ ला फोन करा, आणि वाट पाहताना व वाटेत दर २० मिनिटांनी पफ देत राहा.

श्वास मोजायचा तर मूल शांत किंवा झोपलेलं असताना, पूर्ण एक मिनिट, घड्याळ समोर ठेवून. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे वेगाने चाललेला श्वास. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र असेल आणि आकडा ९२ च्या खाली असेल तर रुग्णालय. पण मोठ्यांचं यंत्र बाळाच्या बोटावर चुकीचा आकडा दाखवतं. आकडा चांगला आणि मूल वाईट दिसत असेल तर मुलावर विश्वास ठेवा.

मी विक्रोळीत जनरल प्रॅक्टिस करतो. पालकांना बाटलीभर सिरप आणि अँटिबायोटिक लागतंच, नाही दिलं तर ते दुसरीकडे जातात. स्टेरॉइडचा पंप कोणाला आणि किती दिवस? माँटेलुकास्टचं काय? (एक डॉक्टर, विक्रोळी)

डॉक्टर, तुमची अडचण खरी आहे. म्हणून पालकांना काय सांगता येईल तेही देतो.

साल्ब्युटामोलचं सिरप सोडून द्या. काम उशिरा सुरू होतं, डोस कैकपट जास्त लागतो, मूल रात्रभर थरथरत जागतं. सर्दी-खोकल्याच्या मिश्रणांबद्दल तर सरकारनेच हात बांधले आहेत: क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चारच्या आतल्या मुलांना देऊ नये, असं डिसेंबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी सांगितलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये, छिंदवाड्यात विषारी सिरपने मुलं दगावल्यानंतर, केंद्राने सूचना काढली की दोनच्या आत खोकल्याची औषधं नकोतच आणि पाचच्या आत सहसा नकोत. ही बातमी प्रत्येक घरात पोचलेली आहे. ‘सरकारने बंद केलंय, मी देणार नाही’ एवढं म्हणालात तरी आई ऐकते.

सर्दीपाठोपाठ वाजणारी छाती विषाणूंची असते, अँटिबायोटिकने फरक पडत नाही. तोंडाने द्यायचं स्टेरॉइडही सावधपणे. ब्रिटनमध्ये १० ते ६० महिन्यांच्या, रुग्णालयात दाखल झालेल्या ६८७ मुलांवर केलेल्या चाचणीत (२००९) पाच दिवसांच्या प्रेडनिसोलोनने मुक्काम कमी झाला नाही. त्रास तीव्र असेल, मुलाला रुग्णालयात पाठवायचं असेल, तर द्या: १ ते २ मिलिग्रॅम प्रतिकिलो, दोनच्या आत दिवसाला कमाल २० आणि दोन ते पाच वर्षांत कमाल ३० मिलिग्रॅम, ३ ते ५ दिवस. दर सर्दीला तीन दिवसांचा कोर्स ही सवय मात्र मोडायला हवी. वर्षातून चार कोर्स झाले की त्याचा भार रोजच्या छोट्या पंपापेक्षा जास्त होतो.

एक वर्षाच्या आतलं बाळ, पहिलाच झटका, दोन्ही फुप्फुसांत बारीक करकर, म्हणजे ब्रॉन्किओलायटिस (विषाणूने बारीक नळ्यांना आलेली सूज). तिथे साल्ब्युटामोलही उपयोगी नाही. नाक मोकळं ठेवा, थोडं थोडं दूध पाजत राहा. दूध नेहमीच्या निम्म्याखाली गेलं की दाखल करा.

तुमच्या दवाखान्यात झटका आला तर: १०० मायक्रोग्रॅमचे २ ते ६ पफ स्पेसरने, तासाभरात दर २० मिनिटांनी. ऑक्सिजन ९४ ते ९८ च्या दरम्यान राखा. तीव्र असेल तर सोबत इप्राट्रोपियम (नळ्या मोकळ्या करणारं दुसरं औषध), आणि रुग्णवाहिका येईपर्यंत पफ थांबवू नका.

आता रोजचा, म्हणजे स्टेरॉइडचा पंप. आजारपणांच्या मधल्या काळात लक्षणं असणारं मूल, वारंवार किंवा दाखल करावं लागेल इतकी छाती वाजणारं मूल, यांना ब्युडेसोनाइड १०० मायक्रोग्रॅम सकाळ-संध्याकाळ, स्पेसरने. मुदत तीन महिने, आणि हे पहिल्या दिवशीच कागदावर लिहून द्या: ‘ही परीक्षा आहे, अमुक तारखेला निकाल पाहू.’ फरक पडला नाही तर डोस दुप्पट करण्याआधी पंप देण्याची पद्धत आईकडून करून घेऊन पाहा. ती बरोबर असेल तर औषध थांबवा आणि निदान पुन्हा तपासा. फरक पडला तरी थांबवून सहा-आठ आठवडे पाहा, कारण या वयात आपोआप बरं होण्याचं प्रमाणही बरंच असतं. फक्त थांबवायचा महिना जून निवडू नका. कोणाला लाभ होईल याचा अंदाज साध्या रक्ततपासणीतून येतो: एकूण इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ३०० किंवा जास्त आणि हवेतल्या कणांची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना रोजच्या पंपाचा फायदा सर्वांत जास्त, असं २०१६ च्या एका अमेरिकन चाचणीत दिसलं. आपल्याकडे जंतांनीही इओसिनोफिल वाढतात, तेवढं ध्यानात ठेवा.

माँटेलुकास्ट हे दमा-अ‍ॅलर्जीवर तोंडाने द्यायचं औषध, पण पहिल्या फळीचं नाही. मुंबईत ते लेव्होसेटिरिझिनबरोबरच्या सिरपमध्ये सर्दीवर सर्रास जातं, हे थांबायला हवं. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर चौकटीतला इशारा छापायला लावला. झोपेत किंचाळणं, चिडचिड, वागण्यात बदल होऊ शकतो. देणार असाल तर हे पालकांना आधी सांगा. नाहीतर ‘मूल अचानक हट्टी झालं’ म्हणून ते तिसऱ्याच डॉक्टरकडे जातात.

स्टेरॉइडच्या पंपाने उंची खुंटते म्हणतात. सवय लागेल का? (एक आई, बोरिवली)

सवय लागत नाही. उंचीवर परिणाम होतो, पण छोटा: पहिल्या वर्षात वाढ साधारण अर्धा ते एक सेंटिमीटरने कमी. पाच ते तेरा वर्षांची मुलं वर्षानुवर्षं रोज ४०० मायक्रोग्रॅम घेत होती अशा अमेरिकन अभ्यासात मोठेपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. वर सांगितलेला रोजचा डोस (सकाळ-संध्याकाळ मिळून २०० मायक्रोग्रॅम) त्याच्या निम्मा आहे. रात्र रात्र खोकणारं, नीट न जेवणारं मूलही वाढत नाहीच. दर सहा महिन्यांनी उंची भिंतीवर खूण करून मोजा. प्रत्येक वेळी पंपानंतर चूळ भरायला लावा, लहान असेल तर पाणी पाजा आणि मास्कखालचा चेहरा ओल्या फडक्याने पुसा.

बाळाला आंघोळीनंतर धुरी देतो. चाळीत डास असल्याने रात्री कॉइल लागते. भिंतीला ओल आहे. समोरच कबुतरं. कशाने छाती वाजते? (एक मावशी, गिरगाव)

धुरी आधी बंद करा. ओवा, वावडिंग, लसणाच्या साली औषधी असतील, पण शेगडीवर टाकल्यावर बाळाच्या छातीत जातो तो धूर, आणि धुराला औषध-विष असा भेद नसतो. तेलाने चोळणं, गरम पाण्याची आंघोळ, दुपट्यात गुंडाळणं, हे सगळं ठेवा. टाळू भरा. नाकात मात्र तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया करतं. कापराची पुरचुंडीही गळ्यात नको. कापूर पोटात गेला तर झटके येतात.

कॉइलबद्दल २००३ चा एक अभ्यास आहे: बंद खोलीत एक कॉइल जळून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. मच्छरदाणी लावा, खिडकीला जाळी बसवा. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ‘गॅलरीत जाऊन ओढतो’ पुरत नाही, धूर कपड्यांवर बसून आत येतो.

ओल हे मुंबईचं जुनं दुखणं. बुरशीचे काळे ठिपके खरवडू नका, त्याने बीजाणू उडतात. मूल घरात नसताना पातळ केलेल्या ब्लीचने पुसा, हात झाका, खिडक्या उघड्या ठेवा. बाळाची गादी ओल्या भिंतीपासून हातभर दूर सरकवा. पावसात खोलीत दोऱ्या बांधून कपडे वाळवणं भाग पडतं, पण ज्या खोलीत बाळ झोपतं तिथे नको. झुरळांना फवारा न मारता जेलचे ठिपके लावा. झुरळांची विष्ठाही छाती वाजवते आणि फवाराही.

कबुतरांवर सध्या सगळा राग आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, तेव्हापासून प्रत्येक खोकल्याचं खापर त्यांच्यावर फुटतं. कबुतरांच्या विष्ठेने होणारा आजार वेगळा: कोरडा खोकला, हळूहळू वाढणारा दम, वजन घटणं, शिट्टी सहसा नाही. खिडकीवरची विष्ठा ओली करून मगच काढा, सुकी झाडू नका, जाळी लावा. पण तुमच्या बाळाच्या बाबतीत धुरी आणि कॉइल आधी.

केळं, दही, भात, लिंबू बंद करायचं का? (दोन पत्रं, कुर्ला आणि परळ)

नाही. ठरावीक पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी काही मिनिटांत अंगावर गांधी, उलटी किंवा शिट्टी येत असेल तरच तो पदार्थ, आणि तोही डॉक्टरांशी बोलून. आजारी मुलाचं केळं-भात तोडलं की त्याच्या हाती काही उरत नाही.

मुलाला दर महिन्याला छातीचा त्रास होतो म्हणून ‘प्रायमरी कॉम्प्लेक्स’ सांगून सहा महिन्यांचा कोर्स सुरू करायला सांगितला आहे. करायचा का? (एक बाबा, मालाड)

‘प्रायमरी कॉम्प्लेक्स’ म्हणजे लहान मुलांतला क्षयरोग. त्याचा कोर्स पुराव्याशिवाय नको. मुंबईत क्षयरोग आहे आणि तो गांभीर्यानेच घ्यायचा. पण क्षयाचा खोकला येतो-जातो असं वागत नाही; दोन आठवड्यांहून जास्त टिकून राहतो, सोबत ताप, वजन न वाढणं, घरात क्षयाचा रुग्ण. तुमच्या मुलाची छाती दर सर्दीला वाजते, पंपाने मोकळी होते आणि मध्ये तो ठणठणीत असतो, तर ते चित्र क्षयाचं नाही. शंका असेल तर मांटू चाचणी (कातडीत टोचून करायची), एक्स-रे आणि पोटातल्या स्रावाची जीनएक्स्पर्ट (क्षयाचे जंतू शोधणारी) तपासणी करून मगच औषध सुरू व्हावं. ही सोय पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत आहे.

याउलट काही मुलांत नेहमीचं उत्तर मानून चालायचं नाही. जन्मापासून सतत वाजणारी छाती, वजन न वाढणं, प्रत्येक दुधानंतर ठसका, बोटांची टोकं फुगणं, हृदयात वेगळा आवाज, यांना तज्ज्ञांकडे पाठवायला हवं. परळचं वाडिया, केईएम, सायन, नायर इथे बालरोग विभाग आहेत. आणि आधी चांगलं असलेलं मूल शेंगदाणे किंवा चणे खाताना ठसकलं आणि तेव्हापासून एकाच बाजूची छाती वाजते, तर दाणा श्वासनलिकेत अडकला असं धरून त्याच दिवशी रुग्णालयात न्या. दाणा एक्स-रेत दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे चांगला आहे’ ऐकून घरी परतू नका. तो दुर्बिणीने काढावा लागतो. चारच्या आतल्या मुलाला अख्खे दाणे देऊच नयेत, कूट करून द्या.

फ्लूची लस अशा मुलांना चालते का? पाऊस सुरू झाल्यावर घेतली तर? (एक आई, अंधेरी)

चालते, आणि घ्यावीच. सहा महिन्यांपासून पुढे. पहिल्यांदाच घेत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, नंतर दर वर्षी एक. मुंबईसाठी एप्रिल-मे उत्तम, कारण परिणाम दिसायला दोनेक आठवडे लागतात. हुकलं असेल तर आताही घ्या. पालिकेच्या मोफत वेळापत्रकात ती नाही, खासगीत विकत मिळते. त्या दिवशी साधी सर्दी असली तर हरकत नाही. ताप किंवा दम असेल तर तो उतरल्यावर. आणि लस घ्यायला जाल तेव्हा स्पेसर पिशवीत टाका, मास्क नीट बसतो का तेही डॉक्टरांसमोर करून दाखवा.